“आबांना बस स्टॉपवर पाठवू नकोस”

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की महिन्या-दीड महिन्यात समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक वाक्य हमखास येतं. सांगणारे बदलतात, वाक्य तेच. “मॅडम, सातवीत गेल्यापासून त्याला आमचीच लाज वाटायला लागलीय.” आईने सगळ्यांसमोर लाडाच्या नावाने हाक मारायची नाही, बाबांनी जुन्या स्कूटरवरून सोडायचं नाही, कुणी गाव विचारलं तर विषय बदलायचा. खरं तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोला जमिनी द्याव्या लागलेल्या गावांतली माणसं सोडली, तर नवी मुंबईत आपण सगळेच कुठून ना कुठून आलेलो. तरीही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न इथल्या मुलांना का बोचतो, हे मला एका मुलाने शिकवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्याला अथर्व म्हणू.

अथर्वचे आजोबा, म्हणजे आबा, मूळचे साताऱ्याकडचे. पाटण तालुक्यातून मुंबईला आले ते माथाडी कामगार म्हणून, बाजारात पोती वाहायला. घाऊक बाजार, म्हणजे एपीएमसी, खाडी ओलांडून वाशीला आला तसे तेही आले आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहिले. मुलगा शिकला, महाप्याला कंपनीत लागला, सीवूड्सला टू-बीएचके घेतला. आजी गेल्यावर आबाही तिथे आले. दुपारी स्कूल बस यायच्या वेळी पांढरी टोपी आणि छत्री घेऊन ते स्टॉपवर उभे राहायचे.

“आता बसमधून उतरतो आणि ओळखच देत नाही,” आई सांगत होती. “वीस पावलं पुढे चालतो. म्हातारा माणूस मागून दप्तर घेऊन येतो. परवा तर म्हणाला, आबांना बस स्टॉपवर पाठवू नकोस. आणि वर्गात काय सांगितलंय माहितीये? आजोबांचा एपीएमसीत कांद्याचा बिझनेस आहे!”

आईला खटकत होतं ते खोटं बोलणं. वडील मोबाइल उलटा-सुलटा करत गप्प बसले होते.

पहिल्या भेटीत मी जी चूक केली ती इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर करायला नको होती. मी अथर्वला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान दिलं. कष्टाची लाज कसली, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, तुमचे आजोबा काय करायचे?”

“मामलेदार कचेरीत हेडक्लार्क होते.”

“मग तुम्हाला सोपंय.”

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. ते बरंच झालं म्हणायचं.

पुढच्या वेळी कागद दिला. ‘मी’ने सुरू होणारी दहा वाक्यं लिही म्हटलं. त्याने भराभरा लिहिलं. मी सातवी ब. मी डावखुरा. मी फुटबॉलमध्ये गोलकीपर. मी सीवूड्सला राहतो. आठव्या वाक्याला थांबला तो थांबलाच. मग मी तीन रंगीत पेन्सिली पुढे केल्या. जन्माने मिळालं त्याला हिरवा, स्वतः निवडलं त्याला निळा, लोकांनी चिकटवलं त्याला लाल. लालमध्ये एकही वाक्य नव्हतं.

“तुला वर्गात काही चिडवत नाहीत?”

“मला नाही. दुसऱ्या एकाला चिडवतात. गोणी म्हणतात.”

“का?”

“त्याचे पप्पा मार्केटमध्ये गाडी खाली करतात. दाणा बंदरला. कुणीतरी बघितलं.”

“आणि हे नाव कुणी ठेवलं?”

तो लाल पेन्सिलीला टोक करू लागला. टोक आधीच होतं. खूप वेळाने म्हणाला, “मीच.”

मी त्या क्षणापर्यंत समजत होते की हा मुलगा लाजतोय. तो लाजत नव्हता, घाबरला होता. आपल्या घरातली गोष्ट बाहेर पडायच्या आत त्याने वर्गाचं बोट दुसऱ्याकडे वळवलं होतं. ज्या दोन मुलांची सगळ्यात घट्ट मैत्री व्हायला हवी होती, त्यातल्या एकाने दुसऱ्याला ‘गोणी’ केलं होतं. नागरिकशास्त्रातली मूलभूत कर्तव्यं त्याला पाठ होती, स्वच्छतेच्या फेरीत तो घोषणा देत होता, झाडं लावत होता. सामाजिक जबाबदारी म्हणतात ती मात्र दोन बाक पलीकडे बसली होती.

बारा-तेराव्या वर्षी ‘मी कोण’ हा प्रश्न जोर धरतो, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने मांडलं. मला हा माणूस जवळचा वाटतो, कारण हा प्रश्न त्याचा स्वतःचाच होता. जन्मदाता कोण हे त्याला कधी कळलं नाही. ज्यू मुलं त्याला गोऱ्या रंगावरून, निळ्या डोळ्यांवरून चिडवत आणि शाळेतली बाकीची मुलं ज्यू म्हणून. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने आडनावच नवं घेतलं. पण माझा खरा कल आल्फ्रेड अॅडलरकडे. 1920 च्या दशकात व्हिएन्नामध्ये शाळाशाळांतून मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवणारा हा डॉक्टर म्हणायचा की मुलाला सगळ्यात आधी आपण कुणात तरी मोडतो याची खात्री हवी असते. सरळ मार्गाने मिळाली नाही तर ते वाकड्या मार्गाने मिळवतं. अथर्वने नेमकं तेच केलं होतं. त्यामुळे ‘स्वतःची ओळख’ आणि ‘दुसऱ्याचा विचार’ असे दोन वेगळे तास शाळेत ठेवून काही होत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं शिक्षकांच्या शिबिरांत सांगते आहे. माना सगळे डोलावतात.

मी त्याला एकच काम दिलं. आबांना विचार, माथाडींची टोळी म्हणजे काय?

पुढच्या आठवड्यात तो आबांच्याच बोलीत सांगत सुटला. “आबा म्हणले, आरं, आमच्या टोळीत तेरा माणसं. कमाई सगळ्यांची, वाटाबी सगळ्यांचा. एकाची कंबर धरली तर बाकीच्यांनी त्याचा वाटा बाजूला काढायचा. मॅडम, तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं! आबांच्या मानेवर अजून घट्टा आहे. मी हात लावून बघितला.” माथाडी हा शब्द ‘माथा’वरून आला, 1969 मध्ये महाराष्ट्रात या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, मंडळामार्फत पगार आणि फंड मिळू लागला, हे सगळं आबांनी त्याला सांगितलं होतं. तेरा वर्षं एका घरात राहणाऱ्या-येणाऱ्या नातवाने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

मग तो म्हणाला, “मी वर्गात उभं राहून सगळं सांगू?”

मी नको म्हटलं. मोठ्यांना असे जाहीर माफीनामे फार आवडतात. पण त्यात तो दुसरा मुलगा पुन्हा सगळ्यांसमोर ‘हमालाचा मुलगा’ म्हणून उभा राहिला असता, त्याला न विचारता. “नाव तू सुरू केलंस. बंद करायला काय लागेल, ते शोध.”

चार दिवसांनी बसमध्ये कुणीतरी “ए गोणी” म्हणून ओरडलं. अथर्व म्हणाला, “नको म्हणूस. माझे आजोबापण माथाडी होते.” दोघं-तिघं हसले. पुढचे पंधरा दिवस अथर्वचं नाव ‘छोटी गोणी’ होतं. आईचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला, शाळेत तक्रार करू का? मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा, माझी वर्गशिक्षिकांशी बोलणी चालू आहेत, आणि तो जेवतोय ना, झोपतोय ना, तेवढं बघा. जेवत होता, झोपत होता. नाव कंटाळून गळून पडलं, कारण तो चिडत नव्हता.

वडिलांना मी एकट्यांना बोलावलं होतं. विचारलं, सोसायटीत कुणी विचारलं तर आबांबद्दल काय सांगता? बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “एपीएमसीत होते, एवढंच सांगतो.” मुलाने त्या वाक्याला फक्त ‘बिझनेस’ जोडला होता. मी काही बोलले नाही. त्यांनीच चष्मा पुसला.

तेव्हा आईवडिलांनो, मूल तुमची लाज बाळगतंय असं वाटलं तर ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं’ ही यादी काढू नका. त्याने लाज जात नाही, वर उपकारांचं ओझं चढतं. अभिमान बाळग असं बजावूही नका. अभिमान हुकमाने येत नाही. माझं व्याख्यान आठवा. आधी आपण बाहेर स्वतःबद्दल काय सांगतो ते तपासा. आणि मूल खोटं बोललं तर ‘का बोललास’ याच्याआधी, त्या खोट्याचा भुर्दंड वर्गात दुसरं कुणी भरतंय का, ते हळूच विचारा. वीस पावलं पुढे चालत असेल तर चालू दे. त्या वयाला तेवढं अंतर लागतंच. फक्त एक बघा, त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एक तरी गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतेय का? आपण टीव्ही मोठा करून ठेवतो आणि मुलं बोलत नाहीत म्हणून माझ्याकडे येतो.

शिक्षकांनी ‘माझे कुटुंब’ प्रकल्पात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये, ही माझी जुनी विनंती. एका शाळेने ऐकली.

शेवटच्या भेटीत अथर्वने दहा वाक्यं पुन्हा लिहिली. आबा तिसऱ्या ओळीत होते, गोलकीपरच्या खाली. लाल पेन्सिलीने एकच ओळ होती: मी एकाला नाव ठेवलं. मी म्हटलं, हे तर लोकांनी चिकटवलेलं नाही. “मग चौथा रंग द्या ना,” तो म्हणाला. माझ्याकडे नव्हता.

“तो अजून माझ्याशी बोलत नाही,” थोड्या वेळाने म्हणाला.

“बोलायलाच हवं का त्याने?”

त्याने खिडकीबाहेर बघत विचार केला. “नाही,” म्हणाला आणि उठला. पुढचा तास पीटीचा होता.