ईसाराच्या पैशात कॉइलओव्हर?

वरूड तालुक्यातल्या एका वाचकभावाचं पत्र आलंय. वय ३६, गावात कृषी केंद्र, वडिलांच्या नावावर ५ एकर संत्रा. चार वर्षांपूर्वी पुण्याहून ४ लाख ६० हजारांना घेतलेली २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो दारात उभी आहे. समोरचे दोन्ही शॉकअप गळतात, डाव्या बाजूने खटखट येते, आणि समृद्धी महामार्गावर शंभरच्या पुढे गाडी तरंगल्यासारखी वाटते. नागपूरच्या एका गॅरेजने परदेशी कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, सेट बसवून १ लाख ६० हजार सांगितले. अमरावतीचा मेकॅनिक कंपनीच्या मापाचे चारही शॉकअप, टॉप माउंट, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश मिळून ४८ हजारांत करून देतो म्हणतो. भाऊंचं मन नागपूरकडे ओढतंय. हातात आंबिया बहाराच्या सौद्याचा १ लाखाचा ईसार आहे. उरलेले ६० हजार सोसायटीच्या पीककर्जातून घ्यावेत की पर्सनल लोन काढावं, हा प्रश्न. शेवटची ओळ अशी: "बायको म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुम्हीच निवाडा करा."

भाऊ, तुमच्या गाडीला आज ४ लाखांचं गिऱ्हाईक आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कोंबडी चार लाखांची आणि मसाला दीड लाखाचा, म्हण काही नीट बसत नाही. पण वहिनींचा रोख मला वेगळा वाटतो. मसाला कुणाच्या डब्यातून काढताय, असं त्या विचारतायत. त्या प्रश्नाला तुमच्या पत्रात उत्तर नाही.

आधी गाडीचं बोलू, कारण तुम्ही दुरुस्ती आणि हौस एकाच बिलात बांधली आहे.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग मोकळी झाली की वरखाली उसळत राहते. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि ती उसळी जिरते. तेल गळून गेलं की उसळी जिरायची थांबते, टायर रस्ता सोडू लागतो आणि ब्रेक दाबला की गाडी उशिरा थांबते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे तुमचं ते तरंगणं मला अजिबात आवडलेलं नाही. त्यामुळे गळके शॉकअप बदलणं ही हौस नाही, ते या महिन्यातच करायचं काम आहे. होईपर्यंत समृद्धीवर जाऊच नका.

आता खटखट. इथे माझीच फजिती सांगतो. माझ्याकडे जुनी पालिओ होती. डावीकडून असाच आवाज यायचा. मी मोठ्या थाटात २८ हजार घालून गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. आवाज होता तसाच. वर मेव्हणीच्या लग्नाला जाताना चांदूर बाजारच्या अलीकडे एका गतिरोधकावर इंजिनाचं खालचं चेंबर घासलं ते वेगळंच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, लोअर आर्ममध्ये पहार अडकवून जरा दाबली. बुशचं रबर सोललेल्या संत्र्याच्या फोडीसारखं उकललं. मग बोटाने लिंक रॉड टिचकावला, टक असा आवाज आला. "हा बोलते तुमचा," म्हणाला. लिंक रॉडचे ९०० रुपये झाले आणि आवाज गेला. २८ हजारांच्या स्प्रिंगा मी पुढे निम्म्याहून कमी भावात विकल्या.

म्हणून नागपूरच्या गॅरेजला एकच गोष्ट विचारा: १ लाख ६० हजारांत बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड येतात का? तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात ते कुठे दिसत नाहीत. नवा कडक सेट जुन्या फाटक्या बुशांवर बसवला तर खटखट राहील आणि धक्के मात्र वाढतील. ते काम, अलाइनमेंट आणि तुम्हीच लिहिलेले एका बाजूने खाल्ले गेलेले समोरचे दोन टायर धरले, तर हा आकडा दोन लाखांच्या आसपास जाईल असा माझा अंदाज. माल परदेशी आहे, त्यावर कस्टम ड्युटी लागते आणि वर जीएसटी. ऑटो पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा भाव जुन्या कराने तर लावलेला नाही ना, तेही पाहा. पक्कं बिल घ्या.

कॉइलओव्हरला मी नावं ठेवत नाही. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच अंगात, खाली आटे, आटे फिरवून उंची कमी-जास्त करायची. गुळगुळीत रस्त्यावर आणि घाटात त्याची मजा काही औरच. पण तुमची गाडी चालते कुठे? आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत लाटा घेतो. तुमचे रोजचे आठ किलोमीटर गाव ते दुकान, त्यातले दोन पांदणीचे, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेचे. गाडी खाली बसवली की स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते, आणि पांदणीच्या चाकोरीत ती थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. अबार्थ मुळातच साध्या पुंटोपेक्षा बसकी. आट्यांत धूळ-चिखल बसून ते जाम होतात ते निराळंच, आणि असा सेट खोलून दुरुस्त करणारा माणूस वरूडला काय, अमरावतीलाही शोधावा लागेल.

तुम्ही चिखलदऱ्याचं लिहिलंय, वर्षातून तीनदा परतवाड्याहून घाट चढता. त्या घाटातली मजा मला माहीत आहे, तिथे वाद नाही. पण दोन्ही भावांतला फरक १ लाख १२ हजार. पाच वर्षांच्या पंधरा फेऱ्यांवर वाटला तर एका फेरीला साधारण साडेसात हजार पडतात, पेट्रोल सोडून. एवढे द्यायची तयारी असेल तर द्या, पण आकडा माहीत असू द्या.

विमा आणि आरटीओचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सस्पेन्शनचा बदल त्यात धरतील की नाही यावर गॅरेजवाल्याचा शब्द घेऊ नका, आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी बदललेल्या पार्टावर बोट ठेवायला त्यांना आयतं कारण मिळतं. शिवाय पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, वेगळा हप्ता भरून नोंदवल्याशिवाय तुमचे दीड लाख त्यात दिसणार नाहीत. गाडी विकतानाही दिसणार नाहीत. घेणारा म्हणेल, मूळचे शॉकअप कुठे आहेत?

आता डब्याकडे येऊ.

ईसार म्हणजे उत्पन्न नव्हे, भाऊ. तुम्ही संत्र्यातले, तुम्हाला हे मी सांगणं म्हणजे आगाऊपणाच. पण पत्रात तुम्ही "१ लाख आलेत" असं लिहिलंय, म्हणून सांगतो. बगीचा उक्ता दिलाय, बाकी साडेचार लाख तोडणीवेळी मिळायचे. मध्ये फळगळ झाली, भाव पडला, की व्यापारी सौदा पुन्हा बोलायला येतो, कधी येतच नाही. शेवटची गाडी भरून वजनकाट्यावरून उतरेपर्यंत त्या लाखावर निम्मा हक्क व्यापाऱ्याचा समजा. तो बँकेत वेगळा ठेवा, तोडायला सोपी पडेल अशी छोटी एफडी केली तरी चालेल.

पीककर्जाला तर हातच लावू नका. मोह का होतो ते कळतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. समोर पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, ६० हजारांना तीन वर्षं महिना सुमारे २,०५० रुपये हप्ता, व्याजच १३,८०० च्या घरात. मग शून्य टक्क्याचंच घेऊ की, असं कुणालाही वाटेल. पण ते शून्य "वेळेत" या शब्दावर उभं आहे. तुमचं कर्ज २ लाख ४० हजार, ३१ मार्चच्या आत भरायचं. ६० हजार गाडीत गेले आणि तोडणीचा पैसा लांबला, की सवलत गेली. नुसत्या ७ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे १६,८०० होतात, आणि खातं थकीत झालं तर पुढच्या हंगामाचं कर्जही अडकतं. बगिच्यावर कोळशी किंवा डिंक्या रोग दिसला की फवारणीला तेव्हा कुणाकडे हात पसरणार? कर्ज वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे तुमच्या हौसेची जोखीम त्यांच्या सात-बाऱ्यावर जाते. वहिनींच्या म्हणीत मला हेच ऐकू आलं.

पर्सनल लोनही नको. खर्च लहान आहे म्हणून नाही, तुमच्या दुकानाची उधारी आधीच ३ लाखांची आहे म्हणून. गावातल्या लोकांना तुम्ही बिनव्याजी दिलेत आणि स्वतः १४ टक्क्यांनी आणणार, हा उलटा धंदा झाला. कापूस-सोयाबीनचे पैसे गावात येतायत, याच दिवसांत वसुलीला निघा. थोडं वाईट वाटेल, निघा.

मग ४८ हजार कुठून? तुमच्या बचत खात्यात ७० हजार आहेत, त्यातून. खातं २२ हजारांवर येईल, उधारीचे पहिले ५० हजार आले की तिथेच परत टाका. हे मी इतक्या सहज सांगतोय, कारण हा खर्च टाळण्यासारखा नाहीच.

पत्रातली एक ओळ मात्र मला गाडीपेक्षा जास्त खटकली. "वडिलांना शुगर आहे, विमा काढायचा राहिला." वडील ६६ चे. घरात कुणाचाच आरोग्य विमा नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. तुमचा, वहिनींचा आणि पोरांचा एकत्र घ्या, वडिलांचा वेगळा, म्हणजे त्यांच्या वयामुळे सगळ्यांचा हप्ता चढणार नाही. शुगर लपवू नका, जुन्या आजाराचा खर्च मिळायला लागण्याआधीचा प्रतीक्षाकाळ किती ते विचारून घ्या. तोडणीचे पैसे आल्यावर आधी सोसायटी, मग हा हप्ता, त्यानंतर बाकीचं.

आणि कॉइलओव्हर? गाडी विका असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या सुमारास फियाटने इथल्या गाड्या बंद केल्या, १४५ हॉर्सपॉवरची विंचवाच्या बिल्ल्याची अशी गाडी या पैशात पुन्हा मिळायची नाही. जानेवारीपासून महिना ४,००० ची आरडी सुरू करा, पासबुकावर पेनाने "गाडी" असं लिहा. २८ महिन्यांत व्याज सोडून १ लाख १२ हजार होतात, म्हणजे बरोबर तो फरक. चालू असलेली ३,००० ची एसआयपी त्यासाठी थांबवायची नाही. तोवर नवे शॉकअप घाटात कसे चालतात ते कळेल, आणि तरीही मन नागपूरकडे ओढलं तर रोख देऊन बसवा. तेव्हा मला विचारायचीही गरज नाही.

अमरावतीच्या मेकॅनिकला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा. साध्या पुंटोचे किंवा लिनियाचे शॉकअप अबार्थच्या स्प्रिंगला आणि उंचीला जुळतात का, हे पार्ट नंबरवरून बघूनच माल मागवायचा. आणि काहीही खोलण्याआधी गाडी जॅकवर घेऊन लिंक रॉड टिचकवून बघायचे. खटखट तिथेच सापडली आणि बुश चांगले निघाले तर ४८ हजारांतले पाच-सात वाचतील, ते आरडीच्या पहिल्या हप्त्याला लावा.