एका मॉड्यूलमध्ये लॉगिन केलं की दुसऱ्यात सेशन रिकामं का येतं?

लॉगिन, ऑर्डर आणि रिपोर्ट या तीन वेगळ्या वॉर फाइल्स (जावा वेब अ‍ॅपची पॅकेजेस) एकाच टॉमकॅट सर्व्हरवर आहेत आणि लॉगिनने सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या युजरसाठी जपलेल्या माहितीत, ठेवलेला युजर रिपोर्टमध्ये नल (रिकामा) येतो, असा प्रश्न आहे ना तुमचा? कोड चुकलेला नाही. जावा वेब अ‍ॅप्सचे नियम ठरवणाऱ्या सर्व्हलेटच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की सेशन त्या त्या अ‍ॅपपुरतंच असतं, ब्राउझरकडे सेशनचा आयडी ठेवणारी कुकी एकच असली तरी आतला डेटा कंटेनरने (इथे टॉमकॅटने) दुसऱ्या अ‍ॅपला द्यायचा नाही. त्यामुळे कुकीचा पाथ "/" करा असा सल्ला कोणी दिला तर तेवढ्याने भागणार नाही, आयडी सारखा दिसेल पण सेशन रिकामंच राहील.

आधी हे बघा की तीन वॉर खरंच लागतात का. एकत्रच डिप्लॉय होत असतील तर मॉड्यूल्सचे जार (जावा लायब्ररीच्या फाइल्स) करून एकाच वॉरमध्ये टाका, विषय मिटला.

वेगळेच ठेवायचे असतील तर स्प्रिंग सेशन ही लायब्ररी आणि रेडिस हा डेटा स्टोअर वापरा, म्हणजे सेशन टॉमकॅटऐवजी एका सामायिक जागी राहतं. तिन्ही अ‍ॅपमध्ये रेडिस आणि नेमस्पेस (रेडिसमधल्या कीजच्या नावांची सुरुवात) एकच हवा आणि कुकीचा पाथ मात्र इथे "/" करावाच लागतो, कारण डिफॉल्टला तो त्या अ‍ॅपचा कॉन्टेक्स्ट पाथ असतो आणि मग ब्राउझर ती कुकी दुसऱ्या अ‍ॅपला पाठवतच नाही.

आता खरं महत्त्वाचं. शेअर्ड सेशनमध्ये अख्खा युजर ऑब्जेक्ट टाकू नका प्लीज. डिफॉल्टला जावाचं सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून साठवणं) असतं, म्हणजे उद्या लॉगिनवाल्यांनी युजर क्लासमध्ये एक फील्ड वाढवलं आणि रिपोर्टमध्ये जुनाच जार राहिला की सिरियल व्हर्जन आयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) नीट दिलेला नसेल तर सेशन वाचतानाच इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन ही एरर येते, आणि रिपोर्टवाले बिचारे स्वतःचा कोड तपासत बसतात ज्यात काहीच बदललेलं नसतं. फक्त युजर आयडी आणि रोल ठेवा, साध्या स्ट्रिंगमध्ये. बाकीची माहिती ज्या मॉड्यूलला हवी त्याने आयडीवरून स्वतः आणावी. ऑर्डरची कार्ट वगैरे ऑर्डरच्याच डेटाबेसमध्ये बरी.

अजून एक, सेशनमधून लिस्ट काढून तिच्यात नुसतं अ‍ॅड केलं तर रेडिसमध्ये काहीच जात नाही, सेशनमध्ये व्हॅल्यू ठेवणारं सेटअ‍ॅट्रिब्यूट परत कॉल करावं लागतं. टॉमकॅटच्या मेमरीतल्या सेशनला हे लागत नाही म्हणून जुना कोड रेडिसवर नेला की डेटा अधूनमधून गायब झाल्यासारखा वाटतो. लॉगआउटचं मात्र सोपं होतं, एका ठिकाणी सेशन इनव्हॅलिडेट (रद्द) केलं की तिन्हीकडून बाहेर.

मॉड्यूल्स पूर्ण वेगळ्या डोमेनवर असतील तर यातलं काही चालणार नाही कारण कुकीच जात नाही, तिथे ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रोटोकॉलने सिंगल साइन-ऑन (एकदाच लॉगिन करून सगळीकडे प्रवेश) करावं लागेल. तुमचं डोमेन एकच आहे, तेव्हा रेडिस जोडून झालं की ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'SESSION' नावाची कुकी उघडून पाथ बघा, तिथे लॉगिन अ‍ॅपचा पाथ दिसत असेल तर कुकीचं सेटिंग अजून लागू झालेलं नाही.