वाचक विचारतात: माणसं देशभर सारखी का पसरत नाहीत?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं की देशाची सरासरी घनता (दर चौ.किमी.ला किती माणसं) हा आकडा बऱ्याचदा कोणाचंच वर्णन करत नाही. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस वाद चालू आहे. एक म्हणतो उत्तर प्रदेश हे सगळ्यात गर्दीचं राज्य, दुसरा म्हणतो बिहार. दोघंही जनगणनेचेच आकडे टाकतात. कोण बरोबर?

उत्तर: आकडे दोघांचेही बरोबर आहेत, म्हणून तर वाद मिटत नाहीये. एक जण माणसं मोजतोय आणि दुसरा माणसांना जागा किती आहे ते मोजतोय. २०११ च्या जनगणनेत यूपीत जवळपास २० कोटी लोक होते आणि बिहारमधे १०.४ कोटी, म्हणजे साधारण निम्मे. पण यूपी २ लाख ४१ हजार चौ.किमी. चं आणि बिहार फक्त ९४ हजारांचं, त्यामुळे भागाकार केला की यूपी दर चौ.किमी.ला ८२९ वर थांबतं आणि बिहार ११०६ वर जातं. गर्दीचं म्हणायचं तर बिहार, मोठं म्हणायचं तर यूपी.

मला स्वतःला यापेक्षा राजस्थान आणि केरळची जोडी जास्त आवडते. राजस्थानात ६.८५ कोटी लोक, केरळात ३.३४ कोटी, पण घनता राजस्थानची २०० आणि केरळची ८६०. आणि नकाशा समोर घेऊन बसलात तर अजून एक गंमत दिसेल, एकटा जैसलमेर जिल्हा ३८,४०१ चौ.किमी. चा आणि अख्खं केरळ ३८,८६३ चं, म्हणजे साईझ जवळजवळ सेम, आणि जैसलमेरात माणसं किती तर सहा लाख सत्तर हजार. केरळात त्याच्या पन्नासपट.

आता यावरून लगेच 'दाट म्हणजे शहरी' असं कोणी लिहू नका. बिहारची शहरी लोकसंख्या २०११ मधे जेमतेम ११ टक्के होती, म्हणजे देशातलं सगळ्यात दाट राज्य हे मुख्यतः खेड्यांचं राज्य आहे. गंगेच्या गाळाची जमीन, सपाट, पाणी हाताशी, त्यामुळे गावाला लागून गाव, आणि हे काही आजकालचं नाही, शेकडो वर्षं असंच चालत आलंय.

प्रश्न: इजिप्तची घनता पुस्तकात साधारण १०० च्या आसपास दिलेली असते, पण कैरोचे फोटो बघितले तर पाय ठेवायला जागा नाही. मग हा आकडा खोटा का?

उत्तर: खोटा नाही, पण निरुपयोगी आहे असं मी म्हणेन. इजिप्त साधारण १० लाख चौ.किमी. चा देश आणि लोकसंख्येने २०२० मधे १० कोटीचा टप्पा ओलांडला, त्यामुळे भागाकार शंभरच्या वर थोडाच येणार. पण तिथले जवळपास ९५ टक्के लोक देशाच्या साधारण ५ टक्के जमिनीवर राहतात, नाईलची चिंचोळी दरी, कैरोच्या उत्तरेला पसरलेला त्रिभुज प्रदेश, बस. तेवढ्याच जमिनीवर तेवढी माणसं धरून हिशोब केला तर घनता दर चौ.किमी.ला दोन हजाराच्या आसपास निघते. आणि पश्चिमेच्या वाळवंटात 'न्यू व्हॅली' नावाचा प्रांत आहे, तो एकटाच देशाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन व्यापतो आणि तिथे अडीच लाखांच्या आसपास लोक, तेही मरूद्यानांच्या भोवती. म्हणजे १०० हा आकडा नाईलकाठच्या माणसालाही लागू नाही आणि वाळवंटातल्या माणसालाही नाही. १०० च्या घनतेत प्रत्यक्ष राहणारा इजिप्शियन शोधायचा म्हटलं तर बरीच पायपीट करावी लागेल.

ऑस्ट्रेलियाचं उलटं टोक बघा. ७७ लाख चौ.किमी. जमीन, पावणेतीन कोटीच्या आसपास लोक, घनता साडेतीन. हे वाचून वाटतं की तिथला प्रत्येक जण मोकळ्या रानात एकटा राहत असणार, प्रत्यक्षात दहातली आठ-नऊ माणसं समुद्रापासून ५० किमी. च्या आत आहेत आणि बहुतेक सगळी मोजक्या मोठ्या शहरांत. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे राज्य २५ लाख चौ.किमी. चं आहे, तिथल्या पाचातले जवळपास चार लोक एकट्या पर्थ शहराच्या परिसरात. म्हणजे कागदावर जगातल्या सगळ्यात विरळ देशांपैकी एक, आणि लोक कुठे राहतात ते बघाल तर सगळ्यात शहरी देशांपैकी एक.

म्हणून अभ्यासक कधीकधी भागाकार बदलतात. एकूण जमिनीऐवजी फक्त शेतीयोग्य जमीन घेतात, मग इजिप्त एकदम वर उडी मारतो. किंवा उलटा प्रश्न विचारतात, सरासरी जमिनीवर किती माणसं असं नाही तर सरासरी माणसाच्या आजूबाजूला किती माणसं? दुसऱ्या प्रश्नात ओसाड जमिनीला मतच नसतं, आणि ऑस्ट्रेलिया अचानक बराच गजबजलेला देश होतो. मला विचाराल तर पुस्तकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले पाहिजेत.

प्रश्न: जगातला सगळ्यात दाट देश कुठला?

उत्तर: मोनॅको. दोन चौ.किमी. च्या आसपास जागा, ३८-३९ हजार लोक. पण हा देश म्हणजे खरं तर एक शहर आहे, त्याची तुलना चीन-ब्राझीलशी करण्यात अर्थ नाही. शहराभोवती बॉर्डर आखली की कुठलाही 'देश' पहिला येईल. सोळा-सतरा कोटी लोकांचा बांगलादेश दर चौ.किमी.ला ११०० च्या वर आहे, तो आकडा जास्त विचार करण्यासारखा.

प्रश्न: लोक एकाच भागात कोंबलेले असतील तर सरकार त्यांना रिकाम्या भागात का वसवत नाही? जमीन पण मिळेल, गर्दी पण कमी होईल.

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय आणि ऐकायला फारच सोपा वाटतो. करून बघितलंय की! सगळ्यात मोठा प्रयोग इंडोनेशियाचा. जावा बेट देशाच्या जमिनीच्या साधारण ७ टक्के, पण २०२० च्या जनगणनेत २७ कोटींपैकी १५ कोटींहून जास्त लोक त्या एका बेटावर, म्हणजे ५६ टक्के. १९०५ मधे डच राजवटीने जावामधली कुटुंबं उचलून सुमात्राच्या दक्षिण टोकाला लाम्पुंगला वसवायला सुरुवात केली, स्वातंत्र्यानंतर तेच धोरण इंडोनेशियन सरकारने चालू ठेवलं आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात तर लाखो लोक हलवले. परिणाम काय? लाम्पुंगमधे आज जावानीज हाच सगळ्यात मोठा समाज आहे, म्हणजे तिथला चेहराच बदलला. जावा मात्र रिकामं झालं नाही, कारण जेवढे लोक बोटीत बसले त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं जावात जन्माला आली. आणि जिथे वसवलं तिथल्या मूळ लोकांशी जमिनीवरून भांडणं झाली, जंगल गेलं ते वेगळंच.

मुळात जावात एवढी गर्दी झाली कशी हे कोणी विचारत नाही. ज्वालामुखीची राख पडून पडून तयार झालेली सुपीक माती, भरपूर पाऊस, त्यावर पाटाच्या पाण्याची भातशेती, एका तुकड्यातून वर्षात एकापेक्षा जास्त पिकं. कालिमंतानमधे (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) जमीन अफाट आहे, पण बऱ्याच ठिकाणी पावसाने माती धुऊन तिच्यातला कस गेलाय किंवा दलदल आहे. जावातला शेतकरी तिथे जाऊन तीच शेती करायला लागला तर ती कशी होणार? 'रिकामी' जमीन बहुतेक वेळा काहीतरी कारणाने रिकामी असते आणि ते कारण सरकारी आदेशाने जात नाही.

चीनचं उदाहरण तर याहून पक्कं. हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मधे नकाशावर माणसांचे ठिपके मांडले, ठरावीक माणसांना एक ठिपका, आणि मग ईशान्येकडच्या आयहुई (आजचं हेइहे) पासून नैऋत्येकडच्या तेंगचोंगपर्यंत एक तिरकी रेघ मारली. त्याच्या हिशोबाने रेघेच्या पूर्वेला तेव्हाच्या चीनची ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के लोक, पश्चिमेला ६४ टक्के जमीन आणि उरलेले ४ टक्के. त्यानंतर काय काय झालं, युद्ध, क्रांती, कारखाने, पश्चिमेला रेल्वे, कोट्यवधी लोकांचं स्थलांतर, आणि आज तीच रेघ मारली तरी पूर्वेला साधारण ९४ टक्के लोक आहेत. (तेव्हाच्या नकाशात मंगोलिया धरलेला होता, आजच्या सीमा घेतल्या तर पूर्वेची जमीन ४३ टक्क्यांच्या आसपास येते.) ही रेघ मोटामोटी वर्षाला ४०० मिमी पावसाच्या रेषेजवळून जाते, आणि त्याहून कमी पावसात बिनसिंचनाची शेती अवघड होते.

राजधानी हलवणं हा मधला मार्ग आहे. ब्राझीलने १९६० मधे राजधानी समुद्रकाठच्या रिओहून आतल्या पठारावर ब्राझीलियाला नेली आणि २०२२ च्या जनगणनेत त्या फेडरल डिस्ट्रिक्टमधे २८ लाख लोक भरले. शहर वसलं यात शंका नाही. पण साओ पाउलो, रिओ वगैरे धरून जो आग्नेय भाग आहे तो अजूनही ११ टक्के जमिनीवर देशातले जवळपास ४२ टक्के लोक घेऊन बसलाय. म्हणजे नवीन ढीग तयार होतो, जुना ढीग हलत नाही. इंडोनेशियाने पण २०१९ मधे राजधानी जावाहून पूर्व कालिमंतानला न्यायचं जाहीर केलंय, सरकारी ऑफिसं जातीलही, बाकी जावा उठून त्यांच्या मागोमाग जाईल असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न: गर्दी असली की गरिबी येते हे खरं ना?

उत्तर: नाही. नेदरलँड्समधे दर चौ.किमी.ला ५०० च्या वर लोक आहेत आणि तो जगातल्या श्रीमंत देशांत मोडतो. चाडमधे वीससुद्धा नाहीत आणि तो फार गरीब आहे. घनतेवरून एवढंच कळतं की माणसं किती जवळ राहतात, ती काय काम करतात आणि त्यातून किती मिळतं ते कळायला दुसरे आकडे लागतात.

प्रश्न: विरळ भागात राहणाऱ्यांना तर मजाच असेल, शांतता, मोकळी हवा. मग तिथून लोक निघून का जातात?

उत्तर: हवा चांगली असते पण डॉक्टर नसतो ना! घनता खूप खाली गेली की प्रत्येक सोय माणशी महाग पडते. शाळेला ठरावीक मुलं लागतात, बसला ठरावीक प्रवासी लागतात, तेवढे नसले की शाळा बंद, बस बंद, मग तरुण जोडपी निघतात, मग अजून कमी मुलं. स्पेनमधे हे चक्र स्पष्ट दिसतं. मधोमध माद्रिद गच्च, किनारा गच्च, आणि त्यांच्यामधला सोरिया, तेरुएल वगैरे पट्टा दर चौ.किमी.ला दहाच्याही खाली. तेरुएलमधल्या लोकांनी याच मुद्द्यावर चळवळ उभी केली आणि २०१९ च्या निवडणुकीत राष्ट्रीय संसदेच्या खालच्या सभागृहात एक जागा जिंकली. युरोपियन युनियनच्या नियमात दर चौ.किमी.ला १२.५ पेक्षा कमी लोक असलेला भाग 'विरळ वस्तीचा' मानून त्याला मदतीत सवलत मिळते, म्हणजे इथे घनता हा थेट पैशाचा प्रश्न होतो.

जपानचं होक्काइदो बेट पण बघण्यासारखं. देशाची २२ टक्के जमीन आणि जेमतेम ४ टक्के लोक, आणि त्या लोकांतला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा एकट्या साप्पोरो शहरात. विरळ भागाच्या पोटातसुद्धा माणसं परत एका जागी गोळा होतात.

प्रश्न: मी नववीत आहे. प्रोजेक्टसाठी भारताचा लोकसंख्येचा नकाशा रंगवायचा आहे. मॅडम म्हणाल्या जास्त लोकसंख्येला गडद रंग दे. बरोबर आहे ना?

उत्तर: रंग द्यायचाच असेल तर घनतेला दे, एकूण लोकसंख्येला नको. लोकसंख्येला रंग दिलास तर राजस्थान केरळपेक्षा गडद होईल आणि बघणाऱ्याला वाटेल तिथे जास्त गर्दी आहे. एकूण माणसं दाखवायची असतील तर ठिपके काढ, एक ठिपका म्हणजे दहा लाख वगैरे, हू हुआनयोंगने पण तेच केलं होतं. जमलं तर राज्याऐवजी जिल्हे घे, कंटाळवाणं काम आहे पण मग जैसलमेर आणि जयपूर एकाच रंगात रंगणार नाहीत. गट पाडताना ०-२००, २००-४०० असे सारखे पाडू नकोस, दिल्ली ११ हजारांच्या वर आहे आणि अरुणाचल १७ वर, सारख्या गटांत एकतर गटच संपणार नाहीत नाहीतर सगळी राज्यं पहिल्याच दोन रंगांत जातील. खालचे गट लहान ठेव, वरचा शेवटचा 'त्याहून जास्त' असा मोकळा सोड.

आणि नकाशाखाली 'जनगणना २०११' लिही, २०२१ ची लांबली त्यामुळे अजून तेच आकडे वापरात आहेत. एक गोष्ट मात्र नीट बघ, २०११ मधे तेलंगणा वेगळं राज्य नव्हतं, ते २०१४ ला झालं, आणि लडाख २०१९ ला वेगळा झाला. जुन्या यादीतला आंध्रचा ३०८ हा आकडा आजच्या आंध्रच्या आकारात भरलास तर चुकेल. जिल्ह्यांची बेरीज करून तेलंगणा आणि आंध्र वेगळे काढ, आणि ते कसं काढलंस ते नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळीत लिही, मॅडमना विचारायची वेळच येणार नाही.