सगळेच ट्रिपल सीट जातात, मग मुलाला अडवायचं कसं?

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. समवयस्क मित्राच्या ११० सीसी स्कूटरवरून तिघं क्लासला जातात. रागावलं तर म्हणतो, ‘सगळेच जातात.’

उत्तर : सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं असतं. ११० सीसीला १८ वर्षं पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर त्याच्या पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; गाडी चालवणाऱ्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मित्राच्या आईवडिलांनाही आजच सांगा.

पण नुसत्या दंडाच्या भीतीनं मुलं गल्लीबोळ शोधतात. त्याला कारण समजू द्या. तिसरा बसला की वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं आणि ब्रेक दाबूनही गाडी लांब जाऊन थांबते. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते, तेही ब्रेक लागण्याआधी.

मित्रांसमोर ‘नाही’ म्हणणं या वयात खरंच अवघड असतं. म्हणून सबब तुम्हीच द्या : ‘घरी कळलं तर क्लास बंद.’ बसचा पास काढून द्या. कुठल्याही दुचाकीवर मागे बसतानाही आयएसआय हेल्मेट हवंच, पट्टा बांधूनच.