टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केल्यावर एसएचबीजी का घसरलं? गोळ्या किंवा जेलनेही असंच होतं का?

एसएचबीजी म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन, ते यकृतात बनतं. अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं) वाढलं की यकृत ते कमी बनवतं, इस्ट्रोजेन (स्त्री संप्रेरक) वाढलं की जास्त. इंजेक्शननंतर सुरुवातीचे दिवस टेस्टोस्टेरॉन एकदम चढतं, म्हणून तुमचा आकडा खाली आला. रोजच्या जेलने पातळी सपाट राहते, घसरण सहसा कमी.

सगळ्यात जोरात पाडतात त्या स्टॅनोझोलॉलसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या, कारण आतड्यातून त्या आधी यकृतातच पोचतात. जिममध्ये कोणी दिल्या तर कृपा करून घेऊ नका, यकृताचं खरंच नुकसान होतं.

क्लोमिफिन (शरीराला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावणारं औषध) याचं उलट. यकृतावर ते इस्ट्रोजेनसारखं वागतं, त्यामुळे एसएचबीजी वाढूही शकतं. मग एकूण टेस्टोस्टेरॉन छान दिसतं, मोकळं (प्रथिनांना न बांधलेलं) मात्र तितकं वाढलेलं नसतं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (टेस्टोस्टेरॉनला बांधणारं रक्तातलं दुसरं प्रथिन) एकाच रक्तात तपासून घ्या. मोकळ्याचा हिशेब त्यावरूनच निघतो.