एकट्या चेलोची आलापी

प्रश्न : २०१६ची 'बीबीसी यंग म्युझिशियन' या ब्रिटनमधल्या तरुण वादकांच्या स्पर्धेची अंतिम फेरी तुम्ही पाहिलीत. कोण लक्षात राहिलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शेकू काने-मेसन! वय १७, स्पर्धा जिंकली त्यानंच. त्यानं रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा १९५९चा चेलो कॉन्चर्टो (चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठी, ऑर्केस्ट्राच्या साथीनं रचलेली कृती) वाजवला. त्यातल्या तिसऱ्या भागात ऑर्केस्ट्रा पूर्ण गप्प, चेलो एकटा. लांब, संथ स्वर, मध्येच बोटांनी छेडलेली तार, मग शांतता. मी आवाज वाढवायला उठले नि तशीच उभी राहिले. आपला गवई षड्जावर विसावतो ना, अगदी तसं वाटलं. पुढे लय चढत गेली तेव्हा तर अंगावर काटाच आला.

त्याच फेरीतल्या बेन गोल्डशायडरचा हॉर्नही (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) गोड होता. आणि सॅक्सोफोन मला कधीच भावला नव्हता. जेस गिलमला ऐकलं आणि माझं मतच बदललं.