वडिलांच्या लष्करी पेन्शनसाठी मुदत ठेव मोडावी का?

सत्तरी तालुक्यातील केरी येथील एका वाचक भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते आणि आज त्यांचे वय 76 आहे. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर जवळच तोफगोळा फुटल्याने त्यांच्या कानांना इजा झाली, पुढे ऐकू येणे कमी होत गेले आणि 1976 मध्ये वैद्यकीय मंडळाने 30 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना सेवेतून मुक्त केले. हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले नाही, असा शेरा मारून त्यांना पेन्शन मात्र नाकारण्यात आली. आता एका मध्यस्थाने पन्नास वर्षांची थकबाकी म्हणून चाळीस लाख रुपये मिळवून देण्याचे आश्वासन दिले असून, त्यासाठी 75,000 रुपये आगाऊ आणि थकबाकीतील 30 टक्के वाटा मागितला आहे. वडिलांची चार लाखांची मुदत ठेव मोडून हे पैसे द्यावेत का, असे त्या विचारतात. चाळीस लाख येणारच आहेत असे धरून त्यांचे बंधू काजूची बागायत विकून नवे घर बांधायला काढण्याच्या विचारात आहेत.

आपले पत्र मी दोनदा वाचले. माझे मत आधीच सांगतो: हा दावा अवश्य लढवावा, परंतु मुदत ठेव मोडू नये, बागायत विकू नये आणि या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. वडिलांचे मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेच्या आणि सेवामुक्तीच्या नोंदींची पुस्तिका, पाहण्यासाठी म्हणून त्याने नेले आहे, असे आपण लिहिले आहे. बाकी सर्व बाजूला ठेवून ते आधी परत आणावे, कारण उद्या कोणत्याही कार्यालयात आपल्याकडे प्रथम तेच मागितले जाईल.

दावा लढवावा असे मी भावनेपोटी म्हणत नाही. लष्करात शिपायाला सेवा पेन्शन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते आणि आपल्या वडिलांची सेवा त्याच्या निम्मीच भरते, म्हणून ती वाट बंद आहे. अपंगत्व पेन्शनचे नियम वेगळे आहेत. तेथे अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, अशा दोन अटी आहेत. पहिली अट आपल्याकडे असलेल्या 1977 च्या नकारपत्रातूनच पूर्ण होते. दुसऱ्या अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात असे ठरवले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेत असताना उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी लष्करावर असावी. ज्या तरुणाला तपासून, धडधाकट ठरवून भरती केले आणि जो तोफांच्या माऱ्याखाली उभा राहिला, त्याचे कान सेवेमुळे गेले नाहीत, असे कारण न देता एका ओळीत लिहून मोकळे होणे आजच्या कायद्यात सहजासहजी टिकत नाही. शिवाय 2014 मधील रामअवतार यांच्या खटल्यातील निकालामुळे 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 टक्के धरून पेन्शनची आकारणी होते आणि त्याचा लाभ आपल्या वडिलांनाही मागता येईल.

आता रकमेचा विचार करू, कारण आपल्या घरातील सर्व बेत चाळीस लाखांच्या त्या आकड्यावर उभे आहेत. इतक्या उशिराने दाखल होणाऱ्या पेन्शनच्या दाव्यांत न्यायालये सहसा हक्क मान्य करतात, परंतु थकबाकी अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात घालून दिलेली ही मर्यादा आहे. लष्करी पेन्शनची किमान मूळ रक्कम 2016 पासून दरमहा 9,000 रुपये आहे आणि तिच्यावरील महागाई भत्ता सध्या निम्म्याहून अधिक आहे, त्यामुळे दरमहा सुमारे चौदा हजार रुपये धरता येतील. अपंगत्वाचा घटक त्याहून वेगळा मिळतो, पण सावधगिरी म्हणून तो मी या हिशेबात घेतलेला नाही. तीन वर्षांच्या काळात महागाई भत्ता कमी होता हे लक्षात घेता थकबाकी साडेचार ते पाच लाखांच्या आसपास भरेल. त्यातून मध्यस्थाला दीड लाख आणि आधीचे 75,000 दिले, तर जवळजवळ निम्मी रक्कम त्याच्याच हाती जाईल.

पाच लाख ऐकून आपली निराशा होणे मी समजू शकतो. मात्र या दाव्याचे खरे मोल थकबाकीत नाही, ते दरमहा येणाऱ्या पैशात आहे. वर्षाला सुमारे एक लाख 68 हजार रुपये एवढे उत्पन्न ठेवीच्या व्याजातून मिळवायचे झाल्यास, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या 8.2 टक्के दरानेही वीस लाखांहून अधिक रक्कम गुंतवावी लागेल. ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही. पेन्शनवरील भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो आणि वयाच्या 80 व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढही होते. पेन्शन मंजूर झाल्यावर माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे दार आई-वडील दोघांसाठीही उघडते. 1996 पूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांना तिची वर्गणी भरावी लागत नाही आणि वडिलांना आज सर्वांत गरजेचे असलेले श्रवणयंत्रही त्या योजनेतून मिळू शकते.

आपल्या पत्रात आईचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे, परंतु या दाव्यात सर्वांत अधिक काळ लाभ होईल तो त्यांना. त्या 66 वर्षांच्या आहेत. वडिलांची पेन्शन मंजूर झाली तर त्यांच्या पश्चात आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, आणि त्याचीही किमान मूळ रक्कम 9,000 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता अशीच आहे. वडिलांचा विवाह सेवा सुटल्यानंतर, 1978 मध्ये झाला असल्याने आईंचे नाव लष्कराच्या नोंदींत असणार नाही. सेवेनंतर विवाह केलेल्या पत्नीलाही हा हक्क आहे, मात्र नोंद करून घ्यावी लागते. गोव्यात नागरी विवाह नोंदणीची पद्धत जुनी आणि पक्की आहे, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. निबंधक कार्यालयातून विवाह नोंदणीचा प्रमाणित उतारा काढावा आणि त्यातील नावे डिस्चार्ज बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. आपल्याकडील जुन्या जन्मनोंदींत आडनावे पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगने लिहिलेली असतात, बेळगावच्या भरती कार्यालयात ती इंग्रजी वळणाने लिहिली गेली आणि आधार कार्डावर तिसरेच रूप आले, अशी कित्येक प्रकरणे केवळ त्यामुळे अडकतात. फरक आढळल्यास आताच प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. खटला चालू असताना वडिलांना काही झाले तरी आई वारस म्हणून तो पुढे चालवू शकतात, आणि त्या वेळी हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.

मध्यस्थाच्या कराराबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. 1871 च्या पेन्शन कायद्याच्या कलम 12 नुसार, अद्याप देय न झालेल्या पेन्शनच्या पैशाबाबत हक्कदाराने आधीच करून दिलेला करार रद्दबातल ठरतो, म्हणून वडिलांनी 30 टक्क्यांच्या कागदावर सही करण्यात काहीच अर्थ नाही. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. जो वकील नाही तो असे लष्करी दावे ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे वडिलांची बाजू मांडू शकत नाही. हा मध्यस्थ आपण दिलेल्या पैशातूनच वकील लावणार आणि मधला वाटा स्वतःकडे ठेवणार. त्याला आधारचा ओटीपी किंवा बँकेचे तपशील कृपया देऊ नयेत.

मग मार्ग कोणता? आधी पणजीतील राज्य सैनिक मंडळात जाऊन वडिलांचे माजी सैनिक ओळखपत्र करून घ्यावे. त्याच भेटीत पेन्युरी ग्रँटसाठी अर्ज करावा, कारण पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या, 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकांसाठी असलेले हे अनुदान दरमहा 4,000 रुपये होते आणि नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी ते 8,000 रुपये करण्यात आले आहे. मंडळ घरची परिस्थिती तपासते, तेव्हा बागायतीच्या उत्पन्नासह सर्व माहिती खरी द्यावी. पेन्शन सुरू झाल्यावर हे अनुदान थांबेल, पण दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या काळात घराला त्याचा मोठा आधार होईल. वडिलांना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा मिळणारे 2,000 रुपये उत्पन्नाच्या अटीवर आहेत, म्हणून नवे उत्पन्न सुरू होताच समाजकल्याण खात्याला कळवावे, नाही तर पुढे वसुली निघेल.

त्याबरोबरच बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची, भरतीच्या वेळच्या तपासणीची आणि लाँग रोलमधील, म्हणजे जवानांच्या कायम नोंदवहीतील, नोंदीची प्रत मागावी. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि न आल्यास अपील करता येते. पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रे ठरावीक काळानंतर नष्ट केली जातात, म्हणून वैद्यकीय कागद मिळतीलच असे गृहीत धरू नये. लाँग रोल मात्र जपून ठेवला जातो. 1971 मधील इजेची नोंद युद्धातील जखमी म्हणून सापडली, तर युद्धजखमी पेन्शनचा अधिक मोठा हक्क उभा राहू शकतो, तेव्हा अर्जात हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. केरीहून चोर्ला घाटाने बेळगाव दूर नाही, पण या वयात वडिलांना त्यासाठी बसमध्ये बसवण्याची गरज नाही. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

कागद हाती आल्यावर अभिलेख कार्यालयाकडे लेखी निवेदन द्यावे आणि नकार आल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे, कारण गोवा त्याच्याच अधिकारक्षेत्रात येतो. अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क असून, 2025 मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहाय्यता योजनेखाली सैनिक मंडळांच्या कार्यालयांतूनही असे साहाय्य देण्याची व्यवस्था होत आहे, त्यामुळे पणजीच्या त्याच कार्यालयात याचीही चौकशी करावी. स्वतंत्र वकील करायचा ठरल्यास फी ठरावीक आणि लेखी असावी. प्रवास, प्रती, प्रतिज्ञापत्रे आणि फी मिळून चाळीस हजार रुपयांची मर्यादा मी घालीन आणि ती रक्कम ठेवीच्या व्याजातून व आपल्या पगारातून टप्प्याटप्प्याने उभी करीन. निकालाला दोन वर्षे किंवा अधिक लागतील असे धरून चालावे. दोन्ही पालकांच्या आजारपणासाठी हाताशी असलेला पैसा त्या चार लाखांचाच आहे, आणि तो या काळात अबाधित राहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बंधूंना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते, त्यामुळे आईंच्या संमतीशिवाय बागायत विकता येणार नाही, आणि दरवर्षी काजूचे पीक देणारी जमीन न आलेल्या थकबाकीच्या भरवशावर विकण्यास त्यांनी संमती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराची दुरुस्ती आवश्यक असेल तर थकबाकी खात्यात जमा झाल्यावर तिच्यातील एक-दीड लाख त्यासाठी काढावेत आणि उरलेली रक्कम आईंच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावी.

बेळगावहून वैद्यकीय कागद नष्ट झाल्याचे उत्तर आले, तरी 1977 चे नकारपत्र आणि डिस्चार्ज बुकातील नोंद यांच्या आधारे न्यायाधिकरणात जाणे मला योग्य वाटते. तेथेही दावा फेटाळला गेला, तर पुढे स्वतःच्या पैशाने सर्वोच्च न्यायालयात जाऊ नये. पेन्युरी ग्रँट चालू ठेवावी, आणि पुढचे पाऊल मोफत कायदेशीर साहाय्यातून शक्य असेल तरच टाकावे.